मुसळ, मंजिष्ठ आणि मुलांचा खांदा

चिंचा पिकल्या की मुले झाडावर चढतात आणि त्यांतली काही खाली पडतात. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या चिखली-मेहकरकडे जा किंवा घाटाखाली पूर्णेच्या काळ्या जमिनीत मलकापूर-नांदुऱ्याकडे जा, यात फरक पडत नाही. चिंचेच्या जागी आंबा येतो, कडब्याने भरलेली बैलगाडी येते, पोळ्याच्या दिवशी बिथरलेला बैल येतो, आणि अलीकडे मोटारसायकलची मागची सीटही येते. पडताना मूल हात पुढे किंवा बाजूला टाकते. सगळा भार तळहातावरून कोपरात आणि कोपरातून खांद्यात जातो. घरचे म्हणतात, खांदा निखळला. बहुतेक वेळा हे निदान चुकीचे असते, आणि ते का चुकते यामागे अडीच हजार वर्षांचा मोठा रंजक इतिहास आहे.

प्रश्न असा मांडून पाहू. एकाच गाडीतून बाप आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा एकाच वेळी पडले. दोघेही पसरलेल्या हातावर आपटले. बापाच्या दंडाच्या हाडाचे डोके वाटीतून निसटून काखेच्या पुढच्या बाजूला येते, म्हणजे त्याचा खांदा खरोखरच निखळतो. मुलाचे डोके मात्र जागेवरच राहते आणि त्याच्या खाली हाड मोडते. अमेरिकेतील बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील कार्टर रो यांनी १९५६ साली पाचशे निखळलेल्या खांद्यांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. त्यांत दहा वर्षांखालील मुले अवघी आठ होती. मुले मोठ्यांपेक्षा कमी पडतात असे कोणी शिक्षक तरी म्हणणार नाही. मग हा फरक कुठून आला? आणि हाड मोडणे व सांधा निखळणे हे दोन्ही एकाच खांद्यात एकाच वेळी झाले तर काय करायचे? असे मूल फार क्वचित दिसते. पण जेव्हा दिसते तेव्हा पहिल्या तासाभरात त्याचा हात कोणी आणि कसा धरला यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

दोन मुसळे

शालेय पुस्तकांत खांदा आणि खुबा या दोन्हींना उखळीचा सांधा म्हटलेले असते. खुब्यासाठी हे नाव अगदी चपखल आहे, कारण तिथे मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याची उखळ मात्र नावापुरतीच. ती इतकी उथळ आहे की तिला बशी म्हणावे, आणि दंडाच्या हाडाचे डोके त्या बशीवर ठेवलेल्या मोसंब्यासारखे असते. स्नायू, अस्थिबंध आणि सांध्याभोवतीची पिशवी यांनी ते धरून ठेवलेले असते. हात डोक्यामागे नेता यावा, पाठ खाजवता यावी, गोफण फिरवता यावी यासाठी शरीराने दिलेली ही किंमत आहे. मोठ्या माणसांत सर्वांत जास्त वेळा निखळणारा मोठा सांधा खांद्याचाच.

त्यामुळे जुन्या वैद्यकाने खांद्याकडे खूप लक्ष दिले यात नवल नाही. इजिप्तमध्ये दुसऱ्या रामसेसच्या काळातील इपुई नावाच्या कारागिराच्या थडग्यात एक भिंतीचित्र आहे. त्यात एक माणूस दुसऱ्याचा हात कोपरात वाकवून धरताना दिसतो. तो खांदा बसवत असावा असे अभ्यासक मानतात. लेखी वर्णने मात्र ग्रीस आणि भारतातून मिळतात, आणि या दोन्ही ठिकाणी एक वस्तू समान आहे. ती म्हणजे मुसळ.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांच्या उपचारांचा आहे. खांद्याचा सांधा सुटला असेल तर मुसळाने काख वर उचलावी आणि सांधा जागेवर आला की स्वस्तिकबंध बांधावा, असे तिथे सांगितले आहे. स्वस्तिकबंध म्हणजे फुलीच्या आकारात वळसे घेणारी पट्टी. हिप्पोक्रेटसच्या नावावर असलेल्या ‘सांध्यांविषयी’ या ग्रंथाची सुरुवातच निखळलेल्या खांद्याने होते. त्यात टाच काखेत रोवून हात ओढणे, शिडीच्या पायरीवरून किंवा दाराच्या अर्ध्या फळीवरून हात लोंबकळवणे अशा अनेक रीती आहेत, आणि मऊ कापड गुंडाळलेले मुसळ काखेत धरून त्यावर रोग्याचा भार टाकण्याची रीतही आहे. हे कोणी कोणाकडून घेतले असे विचारण्याचा मोह होतो, पण त्याची गरज दिसत नाही. धान्य कांडणाऱ्या प्रत्येक घरात खांद्याइतका उंच, गुळगुळीत, गोल टोकाचा दांडा उभाच असे. तरफेचा टेकू म्हणून तो कोणालाही सुचला असता. काखेतला टेकू, हाताचा लांब भाग हा तरफेचा दांडा आणि हाडाचे डोके हे उचलायचे ओझे, असे तरफेचे उदाहरण भौतिकशास्त्राच्या तासाला बेलाशक द्यावे. फक्त ते कोणावर करून दाखवू नये. तरफेने ताकद वाढते हे खरे, पण ती वाढलेली ताकद काखेतून जाणाऱ्या रोहिणीवर आणि मज्जातंतूंच्या जुडग्यावरही पडते. जोर लावून खांदा बसवताना काखेतली रक्तवाहिनी फाटल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शल्यवैद्यकात आहेत.

हिप्पोक्रेटसच्या ग्रंथात आणखी दोन निरीक्षणे आहेत, आणि ती वाचली की या माणसाच्या डोळ्यांबद्दल आदर वाटतो. पहिले गुरांविषयी. हिवाळ्याच्या शेवटी चारा संपून बैल रोडावतात तेव्हा त्यांचे सांधे अधिक सहज निखळतात असे तो सांगतो. आपल्याकडे ही अवस्था वैशाखात येते, एवढाच फरक. दुसरे निरीक्षण मुलांविषयी आहे आणि ते आपल्या विषयाच्या गाभ्याचे आहे. वाढत्या वयात ज्याचा खांदा निखळून तसाच राहिला, त्याचा दंड दुसऱ्या दंडाइतका लांब होत नाही. कोपराखालचा हात मात्र जवळजवळ नेहमीसारखा वाढतो. अशा माणसांना ग्रीक लोक विझलच्या हाताचे म्हणत. विझल हा मुंगसासारखा दिसणारा, आखूड पायांचा प्राणी आहे. जन्मतः सांधा सरकला किंवा डोक्याजवळ खोलवर पू झाला तरीही असेच होते, असेही त्याने नोंदवले आहे.

दंड खुंटतो पण पुढचा हात खुंटत नाही. म्हणजे दंडाच्या लांबीचा कारखाना खांद्याजवळ कुठेतरी असला पाहिजे. ही ओळ हिप्पोक्रेटसने लिहिलेली नाही. त्याच्या निरीक्षणातून हा निष्कर्ष काढायला जगाला सुमारे दोन हजार वर्षे लागली.

सुश्रुताचे पंचांग

त्याआधी सुश्रुतसंहितेकडे पुन्हा वळायला हवे, कारण तिथे उपचाराच्या बाबतीत एक-दोन गोष्टी अशा आहेत की आजच्या अस्थितज्ज्ञालाही त्यांत फारसा बदल करावा लागणार नाही. निदानस्थानात सांधा सुटण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. सांधा सुटणे आणि हाड मोडणे यांची ही फारकत महत्त्वाची आहे. चपटी हाडे फुटतात, नळीसारखी हाडे मोडतात आणि तरुण हाडे वाकतात असाही भेद तिथे आहे. तरुण हाडे म्हणजे प्रामुख्याने कूर्चा, नाकाकानातली. पण मुलांच्या हाडांत कूर्चेचा वाटा मोठा असतो हे आज आपल्याला माहीत असल्याने तो शब्द वाचताना थबकायला होते.

पट्टीखाली ठेवायच्या कामट्यांसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू अशी यादी दिलेली आहे. यांतले एकही झाड जळगाव जामोद किंवा संग्रामपूरच्या सातपुडा पायथ्याशी अनोळखी नाही. पट्टी किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधायची याचे तर पंचांगच आहे. थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि कडक उन्हाळ्यात तीन दिवसांनी. सैल पट्टीने सांधा स्थिर राहत नाही, फार घट्ट पट्टीने सूज, वेदना आणि पू होतो, असा स्पष्ट इशाराही आहे. आणि हाड जुळायला किती काळ लागतो? पहिल्या वयात एक महिना, मधल्या वयात दोन, उतारवयात तीन. मुलाच्या खांद्याजवळचे हाड मोडले तर आज हात गळ्यात अडकवून ठेवण्याची मुदत तीन ते चार आठवडे असते.

घट्ट पट्टीचा हा इशारा नंतर कोणी किती पाळला हा वेगळा विषय. जर्मनीत हाले येथील रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली दाखवून दिले की आवळून बांधलेल्या हातात रक्तपुरवठा थांबून स्नायू काही तासांतच मरू लागतात आणि पुढे बोटे पंजासारखी वाकून कायमची आखडतात. ही आपत्ती प्रामुख्याने कोपर व त्याखालच्या हाताची, आणि तिला आजही फोल्कमानचेच नाव आहे. पट्टीखाली मूल रडतच राहिले, बोटे सरळ करताना किंचाळले, नखे निळसर झाली, बोटे बधिर झाली, तर पट्टी ताबडतोब सोडायची असते, मग ती गावच्या हाडवैद्याने बांधलेली असो की मोठ्या शहरातल्या दवाखान्यात घातलेले प्लास्टर असो.

लाल हाडे

आता वाढीच्या कारखान्याचा शोध. तो लावला एका धर्मोपदेशकाने. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांना वनस्पतींच्या वाढीत रस होता. वेलीच्या कोवळ्या फांदीवर सारख्या अंतरावर रंगाचे ठिपके देऊन काही आठवड्यांनी कोणते ठिपके किती दूर गेले हे ते मोजत. हा प्रयोग वर्गात मोड आलेल्या हरभऱ्याच्या मुळावर शाईच्या बारीक रेघा ओढून दोन दिवसांत करता येतो. टोकाजवळच्या रेघा फाकतात, वरच्या तिथेच राहतात. हेल्सना वाटले, हाडाचे काय होत असेल? त्यांनी अर्धवट वाढलेल्या कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडाला अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन बारीक भोके पाडली. दोन महिन्यांनी हाड इंचभर वाढले होते, पण भोकांमधले अंतर अर्धा इंचच होते. १७२७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. हाड रबरासारखे मधून ताणून वाढत नाही, ते टोकांशी वाढते.

नऊ वर्षांनी मंजिष्ठ आली. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले शल्यवैद्य जॉन बेल्चर एका चिटाच्या कापडाच्या छपाईवाल्याकडे जेवायला गेले असता त्यांना ताटातल्या डुकराच्या मांसातली हाडे लाल दिसली. रंगाच्या कढईतला, मंजिष्ठ शोषलेला कोंडा त्या कारखान्यातल्या डुकरांना खाऊ घालत असत. युरोपातली मंजिष्ठ ही आपल्याकडच्या आयुर्वेदातील मंजिष्ठेची सख्खी नव्हे पण चुलत बहीण, एकाच कुळातली. तिचा रंग नव्याने साठणाऱ्या कॅल्शियमला चिकटतो. म्हणजे मंजिष्ठ खाल्ल्याच्या दिवसांत जितके हाड तयार झाले तितकेच लाल होते. फ्रान्समध्ये द्युहामेल यांनी मग जनावरांना काही आठवडे मंजिष्ठ, काही आठवडे साधे खाद्य असे आलटून पालटून दिले, तेव्हा हाडांत लाल-पांढरे थर दिसले, झाडाच्या खोडातील वर्षवलयांसारखे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये जॉन हंटर यांनी डुकराच्या हाडात शिशाचे छर्रे बसवून हेल्सचा निष्कर्ष पक्का केला.

पुढचा प्रश्न, दोन टोकांपैकी कोणते किती वाढते? हाँगकाँगमध्ये शिकवणारे केनेल्म डिग्बी यांनी १९१५ साली एक साधी युक्ती मांडली. प्रत्येक लांब हाडाच्या मध्यभागाजवळ रक्तवाहिनी आत शिरण्याचे एक तिरपे छिद्र असते. वाढीच्या सुरुवातीला ते जिथे होते ती जागा ठरलेली खूण मानली, तर तिथून वरची लांबी वरच्या टोकाने आणि खालची लांबी खालच्या टोकाने दिलेली. दंडाच्या हाडाचा हिशेब असा निघाला की शंभरातली सुमारे ऐंशी लांबी खांद्याजवळच्या टोकाची आणि उरलेली वीसच कोपराजवळच्या टोकाची. विझलच्या हाताचे कोडे इथे सुटले.

हा कारखाना म्हणजे कूर्चेची एक पातळ चकती. वृद्धिचकती म्हणू. हाडाचे डोके आणि हाडाची नळी यांच्या मध्ये ती असते. मुलींत साधारण चौदा ते सतरा आणि मुलांत सोळा ते अठरा वर्षांच्या दरम्यान ती हाडात विरून जाते. तोपर्यंत ती हाडापेक्षा आणि सांध्याभोवतीच्या अस्थिबंधांपेक्षाही कमकुवत असते. बाप आणि मुलगा यांच्या कोड्याचे उत्तर हेच आहे. बापाच्या खांद्यात सर्वांत कच्चा दुवा सांध्याची पिशवी हा असतो, तो तुटतो आणि डोके निसटते. मुलाच्या खांद्यात कच्चा दुवा वृद्धिचकती किंवा तिच्या लगतचे नवे, मऊ हाड. ते तुटते आणि सांधा शाबूत राहतो. अगदी लहान मुलांत, पाच वर्षांच्या आत, सरळ चकतीतूनच डोके सुटते. पाच ते अकरा या वयात मोड बहुधा चकतीच्या खालच्या हाडात असतो. त्यापुढच्या वयात चकतीतून जाणारी रेघ जाता जाता हाडाचा एक तिकोनी तुकडा सोबत घेऊन जाते. पंधरा-सोळाच्या पुढे खांदा मोठ्यांसारखा वागू लागतो, खरोखर निखळू लागतो, आणि या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा निखळण्याची खोड लावून घेतो. हिप्पोक्रेटस अशा खांद्याला काखेत तापलेल्या लोखंडाने डाग देत असे, व्रण आखडून जागा घट्ट व्हावी म्हणून. खरा दोष वाटीच्या कडेला फाटलेल्या कूर्चेत असतो हे लंडनच्या ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ साली दाखवले.

नवजात बाळाचे एक वेगळेच. अवघड बाळंतपणात खांदा अडकून हात लुळा दिसू लागला की खांदा उतरला म्हणतात. पण बाळाचे हाडाचे डोके जन्मतः बहुतांशी कूर्चेचेच असते. साध्या एक्स-रेत ते दिसतच नाही, आणि चकतीतून सुटलेले हाड निखळलेल्या खांद्यासारखे भासते. दुसरी शक्यता मानेतून हातात उतरणारे मज्जातंतू ताणले गेल्याची असते. आता सोनोग्राफीने हा घोळ बराचसा सोडवता येतो.

हाताला न कळणारे

१८९५ सालच्या नोव्हेंबरपर्यंत हे सगळे बोटांनी चाचपून ठरवावे लागे. ॲस्टली कूपर यांचा निखळलेल्या आणि मोडलेल्या सांध्यांवरचा १८२२ सालचा प्रसिद्ध ग्रंथ अशाच अनुभवी बोटांचा ग्रंथ आहे. खांद्याची गोलाई जाऊन तो चौकोनी दिसू लागला आणि काखेत गोळा लागला तर निखळला, हलवताना हाडे करकरली तर मोडला, अशी ती खुणांची भाषा होती. सुजलेल्या, किंचाळणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ही भाषा वाचून दाखवणे किती कठीण असेल याची कल्पना करावी. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची आणि १८४७ साली एडिंबरोत क्लोरोफॉर्मची गुंगी आली. त्यामुळे स्नायू ढिले पडू लागले आणि कप्पी-दोर लावून हात ओढण्याचे अघोरी प्रकार मागे पडले. १८७० साली बर्नच्या थिओडोर कोखर यांनी ओढण्यापेक्षा वळवण्यावर भर देणारी रीत सांगितली. त्याच वर्षी आपल्याकडे खामगावला जलंबहून कापसासाठी रेल्वे आली, एवढाच काय तो आमच्या जिल्ह्याचा त्या सालाशी संबंध.

राँटगेनच्या किरणांनी ही भाषाच बदलली. शोधाला जेमतेम तीन वर्षे झाली असताना, १८९८ साली, लंडनच्या जॉन पोलंड यांचा वृद्धिचकतीतून सुटणाऱ्या हाडांवरचा नऊशेहून अधिक पानांचा ग्रंथ आला. मुलांच्या सांध्याजवळच्या कितीतरी जखमा निखळण्याच्या नसून चकतीच्या आहेत हे त्याने ठाशीवपणे मांडले. १९६३ साली टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर व रॉबर्ट हॅरिस यांनी चकतीच्या जखमांचे पाच प्रकार पाडले, आणि जगभरचे डॉक्टर आज त्याच आकड्यांत बोलतात. १९६५ साली चार्ल्स नीअर व होरविट्झ यांनी मुलांच्या खांद्यातील मोड किती सरकला आहे याच्या चार पायऱ्या ठरवल्या.

यावरून आता मुख्य गोष्टीकडे येता येते. मोड आणि निखळणे एकत्र असतात तेव्हा हाडाचे डोके वाटीतून बाहेर काखेत गेलेले असते आणि नळीपासूनही सुटलेले, निदान खिळखिळे झालेले असते. अशा हाताला खालून ओढले तर ती ओढ डोक्यापर्यंत पोचतच नाही, मधल्या मोडावरच संपते. दोर तुटलेल्या पोहऱ्याला रहाटावरून ओढल्यासारखे ते होते. उलट डोके उरल्यासुरल्या धाग्यांपासूनही तुटते. त्याच धाग्यांतून त्याला रक्त मिळत असते. पॅट्रिक लेंग यांनी १९५६ साली या डोक्याच्या रक्तवाहिन्यांचा नकाशा काढला, २०१० च्या सुमारास तो आणखी सुधारला गेला. रक्त तुटले तर डोके सुकते, आणि वाढत्या वयात चकतीही जाते. म्हणून एक्स-रेआधी ओढायचे नाही हा नियम मुलांच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा कडक आहे. डॉक्टर दोन दिशांनी चित्रे घेतात, शंका आली तर दुसऱ्या खांद्याचेही घेतात, कारण वाढत्या हाडातील चकतीची काळी रेघ आणि मोडाची रेघ यांत अनुभवी माणूसही गोंधळू शकतो. ओढण्याला पर्याय म्हणून न्यूयॉर्कच्या हेन्री मिल्च यांनी सुचवलेली रीत १९३८ पासून प्रचारात आहे, आणि १९४९ साली त्यांनी ती मोडासह निखळलेल्या खांद्यांसाठीही मांडली. दंड अगदी हळूहळू डोक्याशेजारी वर नेला की खांद्याभोवतीच्या स्नायूंची परस्परविरोधी ओढ निवते, आणि मग अंगठ्याने डोके आत ढकलता येते. मुलांत हे पूर्ण भूल देऊन, पडद्यावर क्ष-किरणांची हलती प्रतिमा पाहत करतात. तरीही बसले नाही तर, आणि कधीकधी दंडाच्या स्नायूची दोरी किंवा हाडावरचे जाड वेष्टन मध्ये अडकल्याने ते बसतच नाही, शस्त्रक्रिया करून बसवावे लागते. मग एक-दोन बारीक तारा घालून ते तीन-चार आठवडे धरून ठेवतात. या तारांना किर्शनर यांचे नाव आहे, त्या १९०९ पासूनच्या. फ्रान्समधील नान्सी येथे विकसित झालेल्या लवचिक सळ्या खालून नळीत सरकवण्याची रीतही आता थोराड मुलांत वापरतात.

पण सांधा जागेवर आणि फक्त हाड मोडलेले, हीच बहुसंख्य मुलांची स्थिती असते. तिथे करायचे जवळजवळ काहीच नसते. हात झोळीत ठेवायचा आणि वाट पाहायची. पाच वर्षांच्या आतल्या मुलात दोन्ही टोके एकमेकांवरून पूर्ण सरकलेली असली तरी वर्ष-दोन वर्षांत हाड स्वतःला सरळ करून घेते, कारण ऐंशी टक्के वाढीचा कारखाना तिथेच आहे. बाराच्या पुढे ही सवलत आटते, सुमारे चाळीस अंशांपेक्षा जास्त वाक चालत नाही. कोपराजवळच्या मोडाला ही सवलत कधीच नसते, कारण तिथली वाढ वीसच टक्के. एकाच हाडाच्या दोन टोकांना दोन न्याय आहेत, आणि ते डिग्बीच्या हिशेबातून सरळ निघतात. एके काळी अशा मुलांचा हात वर करून, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासारखा, कंबरेपासून प्लास्टरमध्ये घालून ठेवत. मुलांचे हाल आणि फायदा फारसा नाही, म्हणून ते मागे पडले.

हाडवैद्याचा लौकिक

आता एक अवघड प्रश्न. वऱ्हाडात आणि खानदेशात आजही मोडलेला हात आधी हाडवैद्याकडे जातो. त्यात अडाणीपणा पाहणे सोपे आहे, पण आमच्या मते ते चूक आहे. गावकरी पुराव्यावरच चालतात. त्यांनी पाहिलेले असते की अमक्याच्या पोराचा खांदा हाडवैद्याने चोळून, कामट्या बांधून बरा केला, तमक्याच्या पोरीचाही केला. हे पाहणे खोटे नाही. मुलाचा खांद्याजवळचा मोड बहुतेक वेळा आपोआप जुळतो आणि आपोआप सरळ होतो, त्यामुळे जो कोणी त्या महिनाभरात मुलाला हात लावेल त्याला यश मिळते. हाडवैद्याला मिळते, आणि हेही म्हटले पाहिजे की विनाकारण शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यवैद्यालाही मिळते. मोठ्यांच्या खांद्याजवळच्या सरकलेल्या मोडांवर ब्रिटनमध्ये अडीचशे रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि झोळी यांच्या निकालात लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. मुलांचे हाड तर मोठ्यांपेक्षा कितीतरी क्षमाशील. तेव्हा बरे झाले एवढ्यावरून उपचाराने बरे झाले हे सिद्ध होत नाही. वर्गात चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडण्याचे महत्त्व शिकवायचे असेल तर याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

अडचण उरलेल्या थोड्यांची आहे. ज्या मुलाचे डोके निखळलेलेही आहे, ज्याच्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला, शिपायाचा बिल्ला जिथे असतो तिथे, स्पर्श कळेनासा झाला आहे, ज्याची मनगटावरची नाडी मंद आहे, ते मूल बाहेरून इतरांसारखेच दिसते. बोटांना फरक कळत नाही, एक्स-रेला कळतो. चोळणे आणि हिसका देणे यांचा दंड हेच मूल भरते. चोळण्याने सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होण्याचाही धोका असतो. काही गावांतले हाडवैद्य आता आधी एक्स-रे काढून आणायला सांगतात, असे ऐकतो. ही सुधारणा लहान नाही. पूर्वी घाटाखालचे असे मूल अकोल्याला, घाटावरचे औरंगाबादेला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागे. बुलढाण्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा हे अंतर पुढे कमी होईल अशी अपेक्षा करता येते.

शाळेच्या पटांगणावर हे घडले तर शिक्षकाचे काम थोडे आणि ठरलेले आहे. हात ज्या स्थितीत मुलाला सोसवतो त्याच स्थितीत दुपट्ट्याने छातीशी बांधणे, बोटे गरम व हलती आहेत का पाहणे, खायला-प्यायला काही न देणे, कारण भूल द्यावी लागेल, आणि तालुक्याच्या रुग्णालयाकडे निघणे. न ओढणे हे त्यातले मुख्य.

आणखी एक काम वर्षभराने करता येते आणि त्याला कपड्याची टेप पुरते. खांद्याच्या वरच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापर्यंत दोन्ही दंड मोजायचे, उंचीच्या नोंदवहीत लिहायचे, पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचे. चकती दुखावली असेल तर फरक हळूहळू वाढतो, आणि पालकांच्या तो लक्षात येत नाही, कारण पायासारखे हाताला लंगडावे लागत नाही. दोन-तीन सेंटिमीटरने आखूड दंड अंगरख्याच्या बाहीत सहज लपतो.